व्हीआर आलं कुठून?

व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोक्यावर हेडसेट चढवून आत शिरल्यासारखं वाटणारं कॉम्प्युटरचं आभासी जग, म्हटलं की वाटतं ही गेल्या दहा वर्षांतली गोष्ट, पण त्यातली मूळ युक्ती १८३८ ची आहे, फोटोग्राफी जगापुढे यायच्याही आधीची. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवलं की एकाच वस्तूची जराशा वेगळ्या कोनातली दोन चित्रं दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली की मेंदू ती जोडून घेतो आणि चित्राला खोली येते. ज्यांनी लहानपणी व्ह्यू-मास्टर नावाचं डोळ्यांना लावायचं खेळणं पाहिलंय त्यांनी हेच पाहिलंय, खटका दाबला की खट् करून चकती फिरायची, तिच्यावर बारीक फोटो १४ पण चित्रं दिसायची सातच, कारण एका चित्राला दोन फोटो लागायचे.

पुढे १९६२ मध्ये अमेरिकेत मॉर्टन हाइलिगने सेन्सोरामाचं पेटंट घेतलं. खोक्यात तोंड घालून बसायचं, मोटरसायकलवरून चाललोय असं दिसायचं, वर वारा, वास, थरथरणारी सीट. भन्नाटच, पण मान वळवली तरी चित्र ढिम्म. म्हणून मला खरी सुरुवात १९६८ ची वाटते. आयव्हन सदरलँड या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञाने डोक्यावर चढवायचा डिस्प्ले केला, डोकं कुठे वळतंय ते कळावं म्हणून तो छतातून आलेल्या दांड्याला जोडलेला, आणि दिसायचं काय तर नुसत्या रेघांचा ठोकळा, पण तुम्ही जरा बाजूला सरकलात की ठोकळा जागेवरच आणि तुम्हाला त्याची दुसरी बाजू दिसणार. बास, इथेच व्हीआर जन्मलं!

व्हर्च्युअल रिअॅलिटी हे नाव रुळवलं जॅरन लनियरने, १९८० च्या दशकात. पण सामान महाग. स्मार्टफोनमुळे छोटे चांगले स्क्रीन आणि हालचाल ओळखणारे सेन्सर स्वस्त झाले तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली, २०१२ मध्ये पामर लकीच्या ऑक्युलस या हेडसेट बनवणाऱ्या कंपनीला किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून पैसे गोळा करायच्या वेबसाइटवर, २४ लाख डॉलर मिळाले आणि २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं.

गेम तर आहेतच, पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो अमेरिकेतल्या सिएटलचा स्नोवर्ल्ड हा व्हीआर प्रोग्रॅम. भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग बदलताना होणाऱ्या यातना औषधानेही पुरत्या थांबत नाहीत, म्हणून हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या संशोधकांनी पेशंटला त्या वेळात बर्फाच्या दरीत नेलं, पेंग्विनवर बर्फाचे गोळे मारायला लावले. दुखणं जाणवायलाही लक्ष लागतं, ते बर्फात गुंतलं की दुखणं कमी जाणवतं. हे काम सुरू झालं १९९० च्या दशकात, हेडसेट जड होते आणि वायरने कॉम्प्युटरला बांधलेले असायचे तेव्हा.