लिंबू-मिठाने दात पांढरे होतात? उलट पिवळे पडतात

‘लिंबाच्या फोडीवर मीठ घालून दात घासा, मोत्यासारखे चमकतील’ हा जुना घरगुती सल्ला आता व्हॉट्सॲपवर फिरतोय. पहिल्या दिवशी दात उजळ वाटतात हे खरं. पण चहाच्या डागांबरोबर दाताचं वरचं आवरण, म्हणजे इनॅमलही, थोडं निघालेलं असतं.

इनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. मात्र तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की ही खनिजं विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा पीएच असतो २ ते ३. त्या मऊ पडलेल्या थरावर मिठाचे खडे घासायचे म्हणजे ओल्या भिंतीवर पॉलिश पेपर! इनॅमल झिजलं की त्याखालचा दाताचा थर, म्हणजे डेंटिन, दिसू लागतं, आणि ते मुळातच पिवळसर. मग पिवळेपणा घालवायला माणूस पुन्हा लिंबूच चिरतो. पुढे थंड पाण्याने कळ येते, पुढच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसतात.

गेलेलं इनॅमल परत येत नाही. ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात. फ्लोराइडची पेस्ट मऊ पडलेला थर पुन्हा घट्ट करते, नवा चढवत नाही, जाहिरात काहीही म्हणो. झीज जास्त असेल तर डेंटिस्ट कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं भरण) लावतात किंवा कॅप बसवतात.

कोकम सरबत, लिंबूपाणी प्यायलात तर लगेच साध्या पाण्याने चूळ भरा. ब्रश मात्र अर्ध्या तासाने. ॲसिडिटीमुळे वारंवार आंबट पाणी तोंडात येत असेल, तर आधी तिचा इलाज करून घ्या.