परकी फौज आली की अत्याचार थांबतात का?

नोव्हेंबर १९३०. लंडनच्या गोलमेज परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ब्रिटिश सरकारला तोंडावर विचारलं: तुम्ही येण्याआधी आम्हाला देवळात जाता येत नव्हतं, आज तरी येतं का? या प्रश्नामागे नाशिक उभं होतं. २ मार्चपासून पंचवटीत काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू होता. पोलीस, लष्कर, कोर्टकचेऱ्या सगळं परक्या सरकारच्या मुठीत होतं, आणि त्या सरकारने शांतता राखण्याच्या नावाखाली जमावबंदी लावली. दादासाहेब गायकवाड आणि सहकाऱ्यांनी लढा पाच वर्षं नेटाने चालवला, तरी दार उघडलं नाही. मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा आला तो १९४७ साली.

वसाहतीचं राज्य आणि आजचा ‘मानवतावादी हस्तक्षेप’, म्हणजे लोकांवरचा अत्याचार थांबवायला दुसऱ्या देशात फौज पाठवणं, एकच नव्हेत. पण बाहेरच्या ताकदीने आतला अन्याय संपतो का, हा प्रश्न तोच आहे, आणि गेल्या काही दशकांत राज्यशास्त्रज्ञांनी तो आकडेवारी घेऊन तपासला आहे.

तपासणं सोपं नाही. गोदावरीला पूर आला की अग्निशमन दलाचे जवान काठावर जास्त दिसतात, म्हणून पूर त्यांनी आणला असं कुणी म्हणत नाही. तसंच बाहेरचं सैन्य बहुधा तिथेच जातं, जिथे परिस्थिती आधीच हाताबाहेर गेलेली असते. नुसती ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना म्हणूनच फसवी ठरते. शिवाय छळ करणारं सरकार त्याची नोंद ठेवत नाही. संशोधक मग तितकंच हिंसक, पण कुणी न गेलेलं दुसरं ठिकाण शेजारी ठेवून पाहतात.

राज्यशास्त्रज्ञ दुर्सुन पेक्सेन यांच्या अभ्यासांचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. आर्थिक निर्बंधांनंतर छळ, बेपत्ता करणं, राजकीय कैद हे प्रकार कमी होण्याऐवजी वाढलेले दिसतात. टंचाई झाली की शिल्लक माल सत्ताधाऱ्यांच्या हातात एकवटतो आणि लोक त्यांच्यावर आणखी अवलंबून राहतात. १९९० नंतरच्या इराकमध्ये घरोघरचं धान्य सद्दामच्या सरकारी रेशनवरच येत होतं. अशा माणसाने सरकारविरुद्ध बोलायचं कसं? लष्करी हस्तक्षेपाचंही तसंच. परकी फौज तिथल्या सरकारच्या पाठीशी उभी राहिली, किंवा तटस्थ म्हणून आली, तरी दडपशाही वाढण्याकडे कल दिसतो.

मग १९७१? पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते, आणि १६ डिसेंबरच्या शरणागतीनंतर तिथला पाकिस्तानी लष्कराचा संहार थांबला. १९७९ च्या जानेवारीत व्हिएतनामने कंबोडियातली ख्मेर रूजची राजवट उलथवली, एप्रिलमध्ये टांझानियाने युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याला हाकललं. तिन्ही ठिकाणी शेजाऱ्याच्या स्वतःच्या सीमेवर आग लागलेली होती, आणि तिन्ही ठिकाणी त्या देशातले लढवय्ये बरोबर होते. आपल्याकडे मुक्तिवाहिनी होती. संहार थांबवणं हीच मोठी गोष्ट, ती कुणी कमी लेखू नये. पण युगांडात अमीननंतर मिल्टन ओबोटेंच्या काळात पुन्हा रक्तपात झाला. लिबियात २०११ साली सुरक्षा परिषदेच्या ठरावानंतर नाटोने हवाई हल्ले केले, गद्दाफी गेला, आणि देश टोळ्यांच्या हाती पडला. त्या ठरावाच्या मतदानात भारत तटस्थ राहिला होता. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो.

एका बाबतीत मात्र आकडे आशा देतात. लिसा हल्टमन, जेकब कॅथमन आणि मेगन शॅनन यांनी १९९१ ते २००८ दरम्यानच्या आफ्रिकेतल्या यादवी युद्धांमध्ये शांतिसैनिकांची संख्या आणि नागरिकांच्या हत्या एकमेकांशी ताडून पाहिल्या. संयुक्त राष्ट्रांचे सैनिक आणि पोलीस जितके जास्त, तितक्या हत्या कमी. नुसते निरीक्षक पाठवले तर तसा फायदा दिसत नाही. म्हणजे दोन बाजूंच्या मध्ये प्रत्यक्ष उभं राहणारी माणसं लागतात, आणि ती पुरेशी लागतात. रवांडात १९९४ च्या एप्रिलमध्ये हत्याकांड भरात असताना सुरक्षा परिषदेने शांतिसेना वाढवायची सोडून ती २७० वर आणायचा ठराव केला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. हे जगाने केलेलं पाप आहे, याहून सौम्य शब्द मला वापरवत नाही.

हत्या थांबल्यावर हक्क रुजवायचे असतात, आणि तिथे सैनिकाचा उपयोग फार नाही. अमांडा मर्डी आणि डेव्हिड डेव्हिस यांना असं आढळलं, की मानवी हक्क संघटनांनी एखाद्या सरकारला जगासमोर उघडं पाडल्याचा परिणाम होतो, पण त्या देशात अशा संघटनांचं काम जमिनीवर असेल किंवा इतर देशांचाही दाब असेल तेव्हा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचंच पाहा. भारताने त्या देशाशी व्यापार तोडला १९४६ साली, सर्वांच्या आधी. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी सक्तीची झाली १९७७ साली, अमेरिकेचे कडक निर्बंध १९८६ साली आले. मंडेला सुटले ते १९९० च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात १९७३ साली डर्बनच्या कामगारांनी संप केले, १९७६ साली सोवेटोची शाळकरी मुलं गोळ्यांपुढे गेली, आणि ऐंशीच्या दशकात वस्त्यावस्त्यांतून लोकांनी सरकारचा कारभार चालूच दिला नाही.