विषय निवडायचे कुणाला विचारून? – पार्श्वभूमी

कला शाखेच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेताना आता मुलांच्या हाती एक तक्ता पडतो. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय), कौशल्याचे कोर्स आणि प्रत्येकापुढे क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या वजनाचा, आकडा. हा तक्ता समजावून देणारं कुणीतरी कॉलेजात असावं, ही प्रथा अमेरिकेत रुळली. आणि ती रुळली ती मायेपोटी कमी, निस्तरण्यापोटी जास्त.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या कॉलेजांत लॅटिन, ग्रीक, गणित बहुतेक सगळ्यांना सारखंच असे. मग सल्ला देणार कशाचा? तरीही ओहायोतल्या केनियन कॉलेजात १८४१ साली नियम निघाला, की प्रत्येक विद्यार्थ्याने अध्यापकांपैकी एकाला आपला सल्लागार निवडावं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रदरफोर्ड हेझ तेव्हा तिथे शिकत होते. हा नियम आपल्याला फार आवडल्याचं त्यांनी पत्रात कळवलंय. त्यांनी निवडला तो एक ट्यूटर, त्यांच्या डोळ्यांदेखत तिथूनच पदवीधर झालेला. (आपल्याकडेही मुलं एचओडींच्या केबिनपेक्षा नव्या सीएचबी (तासिका तत्त्वावरच्या) सरांनाच आधी गाठतात.)

खरी गरज उभी केली ती हार्वर्ड विद्यापीठाने. चार्ल्स एलियट १८६९ मध्ये तिथे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले. शतक संपता संपता पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन तेवढं सक्तीचं उरलं. मुलांनी काय केलं असेल, हे सांगायला नको: सोपे कोर्स वेचून पदवी पुरी करायची. त्याच सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सल्लागार प्राध्यापकांची पद्धत बसली होती. १८८९ मध्ये हार्वर्डनेही पहिल्या वर्षासाठी सल्लागार मंडळ नेमलं. पण नुसत्या सल्ल्याने भागलं नाही. एलियट यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉवेल यांनी वेसण घातली: सोळापैकी किमान सहा कोर्स एकाच क्षेत्रातले, बाकीच्यांतले काही वेगवेगळ्या ज्ञानशाखांत विभागलेले. आजचं मेजर बरंचसं याच तडजोडीतून आलेलं आहे.

महाराष्ट्रात बी.ए.ची चौकट बराच काळ घट्ट होती. पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षाला जनरल पेपर आणि दुसऱ्या वर्षापासून एस-वन, एस-टू हे स्पेशल विषयाचे पेपर. म्हणजे ‘स्पेशल कोणता घेतलास?’ एवढाच काय तो प्रश्न. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यावर तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ क्रेडिटची जुळवाजुळव आली. मोकळीक आली, पण ती वापरायला शिकवणाऱ्या माणसाची वेगळी जागा बहुतेक कॉलेजांत निघालेली नाही, असं माझं मत. नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) मेंटॉर-मेंटीच्या, म्हणजे कुठल्या शिक्षकाकडे कुठली मुलं याच्या, याद्या तयार असतात, रजिस्टरवर सह्याही होतात. मायनरला अर्थशास्त्र घ्यावं की मानसशास्त्र, हे मात्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतं.