चड्डी खराब होते, ती हट्टाने नव्हे

शिशुवर्गातले एखादे मूल रोज थोडी थोडी चड्डी खराब करते. बाई आईला फोन करतात, मूल घरी जाते आणि महिन्याभरात शाळा बुडू लागते. कुणी म्हणते लाडावलंय, कुणी म्हणते जुलाब होताहेत. खरे तर अशा बहुतेक मुलांना असते बद्धकोष्ठता.

हे उलटे वाटते, पण पाहा. मळ मलाशयात उतरला की भिंत ताणली जाते, मेंदूला वर्दी जाते आणि गुदद्वाराचा आतला स्नायू आपोआप सैल पडतो. बाहेरचा मात्र आपल्या ताब्यात असतो. शाळेच्या संडासाला कडी नाही, नळाला पाणी नाही. मूल तो बाहेरचा स्नायू आवळून धरते आणि थोड्या वेळाने कळ ओसरते. आतडे मात्र पाणी शोषतच राहते. खडा होतो, पुढच्या वेळी दुखते, म्हणून मूल आणखी रोखते. असे आठवडे गेले की मलाशय फुगून ढिले पडते. नेहमीएवढ्या मळाने त्याला ताणच बसत नाही, म्हणजे कळच येत नाही. मग वरून येणारा पातळ मळ खड्याच्या कडेने झिरपतो. मुलाला ते कळत नाही. सवयीने वासही जाणवत नाही. भरलेले मलाशय मूत्राशयावर दाबते, म्हणून काहींची शूही कपड्यांत होते.

इथे जुलाब थांबवणारे औषध दिले की खडा पक्का अडकतो. दृष्ट काढणे निदान निरुपद्रवी तरी. रविवारच्या एरंडेलाने मुरडा येतो आणि मूल संडासाला आणखी घाबरते.

डॉक्टर बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती आतड्यात पाणी धरून ठेवते. खडा काढायला दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम, ३ ते ६ दिवस. या दिवसांत गळती वाढते, म्हणून सुट्टी गाठावी. पुढे कमी मात्रा किमान २ महिने. शी नियमित झाली म्हणून औषध लगेच बंद केले, की खडा पुन्हा धरतो.

खाल्ल्यावर मोठे आतडे आपणहून हलते. म्हणून न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत ५ ते १० मिनिटे बसवावे. कमोड असेल तर पायांखाली पाट. महाराष्ट्रात २०२४ पासून चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याच्या सूचना आहेत, तेव्हा हा वेळ काढता येतो. शाळेने डब्यानंतर पाच मिनिटे, न विचारता जायची मुभा आणि कडी लागणारा संडास द्यावा. दप्तरात दोन चड्ड्या आणि एक बंद होणारी पिशवी असावी.

पोट फुगून उलट्या, वजन घटणे, पायांत अशक्तपणा किंवा जन्मानंतरची पहिली शी ४८ तासांनी झालेली असणे, यांपैकी काही असेल तर पावडरीवर न थांबता बालरोगतज्ज्ञाकडे तपासणी करून घ्यावी.