बापाची कमाई मोजायची तरी कुठल्या वर्षाची?

१९८०च्या दशकात शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांचे मत होते, की अमेरिकेत वडिलांच्या कमाईचा ठसा मुलाच्या कमाईवर फारसा उरत नाही. तेव्हाच्या अभ्यासांतला आकडा होता साधारण ०.२. म्हणजे वडील सरासरीपेक्षा १० टक्के जास्त कमावणारे असतील, तर मुलगा २ टक्केच जास्त कमावेल अशी अपेक्षा. नातवापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

१९९२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ गॅरी सोलन यांनी या समाधानाला सुरुंग लावला. जुन्या अभ्यासांत वडिलांची बहुधा एकाच वर्षाची कमाई धरलेली असे. पण एखाद्या वर्षी ओव्हरटाइम मिळतो, एखाद्या वर्षी नोकरी जाते. एका डावावरून फलंदाज जोखावा, तसा हा प्रकार. बरे, ही चूक कधी वर, कधी खाली अशी पडत नाही. ती आकड्याला नेहमी खालीच ओढते, त्यामुळे हजारो कुटुंबे घेतली तरी भरून निघत नाही. मिशिगन विद्यापीठ १९६८ पासून त्याच त्या कुटुंबांची माहिती गोळा करत आले आहे. तिच्यातून सोलन यांनी वडिलांच्या अनेक वर्षांच्या कमाईची सरासरी घेतली आणि आकडा ०.४ किंवा त्याहून वर गेला. २००५ मध्ये भाष्कर मजुमदार यांनी सरकारी नोंदींवरून आणखी लांबची सरासरी काढली, तर तो ०.६च्या आसपास पोचला. देश तोच, बाप-लेकही तसेच. बदलली होती फक्त मोजपट्टी.

मुलाचे वयही फसवते. पंचविशीत शिकाऊ डॉक्टरपेक्षा वायरमन जास्त कमावत असू शकतो. म्हणून मुलाची कमाई चाळिशीच्या आसपास मोजलेली बरी.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डॉलर बाजूला ठेवून उत्पन्नाच्या रांगेतला क्रमांकच घेतला. वरचे आकडे कमाईच्या लॉगॅरिदमवरून काढतात; शून्य उत्पन्नाचा लॉगॅरिदम निघत नाही, क्रमांक मात्र लागतो. तळच्या पाचव्या हिश्श्यातल्या घरातले मूल वरच्या पाचव्या हिश्श्यात जाण्याची शक्यता नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट भागात ४.४ टक्के निघाली, कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत १२.९. एवढी तफावत पाहिली, की अख्ख्या देशाला एकच आकडा लावणे मला तरी भाबडेपणाचे वाटते.

आपल्याकडे अडचण आणखी मुळातली. घरोघरच्या पाहण्यांत बहुधा एका छपराखाली राहणारेच नोंदले जातात. वेगळे बिऱ्हाड केलेला मुलगा सुटतो, सासरी गेलेली मुलगी तर हमखास सुटते. त्यामुळे इथले अभ्यासक बऱ्याचदा कमाईचा नाद सोडून दोन पिढ्यांचे शिक्षण किंवा व्यवसायच ताडून पाहतात.