मेणअळी-संगोपन

मोठ्या मेणपतंगाच्या (गॅलेरिया मेलोनेला, कुल पायरॅलिडी) अळ्या प्रयोगांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवण्याची पद्धती. मधपाळांच्या लेखी ही निव्वळ कीड. गोव्यात पावसाळ्यात दुबळ्या झालेल्या सातेरी या देशी मधमाशीच्या वसाहतींना तिचा उपद्रव विशेष होतो.

जातीचे वर्णन लिनीअस यांनी १७५८ मध्ये केले. मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. सातेरी मधमाशीच्या पोळ्यांतील आढळावरून बहुतेक लेखक ते आशियात मानतात. ॲरिस्टॉटल यांनी इ. स. पू. चौथ्या शतकात पोळी नासवणाऱ्या पतंगाचा उल्लेख केला आहे. तो हाच असल्यास भूमध्य प्रदेशातील प्रसारही प्राचीन ठरेल. मात्र त्या वर्णनावरून मोठा व लहान (अक्रोइया ग्रिसेला) मेणपतंग वेगळे ओळखता येत नाहीत. आशियाई मूळ त्यामुळे अधिक संभाव्य वाटते.

नाव मेणअळी असले, तरी निव्वळ मेणावर तिची वाढ खुंटते. जुन्या पोळ्यातील पराग व कोशांचे अवशेष तिला प्रथिने पुरवतात. प्रयोगशाळेत त्यांऐवजी गव्हाचा कोंडा, मक्याचे पीठ, दूध पावडर, यीस्ट, मध व ग्लिसरीन यांचे मिश्रण देतात. ग्लिसरीनमुळे खाद्य ओलसर राहते, पण सहसा आंबत नाही. थोडे मेण घालण्याचा प्रघात आहे. ते अपरिहार्य नसावे. पोळे वापरायचे झाल्यास आधी गोठवतात.

सुमारे २८–३० अंश सेल्सिअस तापमान व अंधार अनुकूल. गोव्यात वर्षातील बराच काळ हीटर लागत नाही. खरी अडचण पावसाळी बुरशीची व मुंग्यांची. दाट गर्दीत अळ्यांच्या स्वतःच्या उष्णतेने डब्याचे तापमान खोलीपेक्षा बरेच चढते, म्हणून एप्रिल-मेमध्ये अळ्या विरळ ठेवाव्या लागतात. त्या लाकूड व पातळ प्लॅस्टिक कुरतडतात. काचेची बरणी व धातूची जाळी इष्ट. पतंग काही खात नाहीत. मादी घडी घातलेल्या मेणकागदाच्या चिरेत अंडी घालते.

जंतूंची मारकता ३७ अंशांवर, म्हणजे मानवी शरीराच्या तापमानावर, तपासता येत असल्याने वैद्यकीय संशोधनात ही अळी रूढ झाली. कृषिक्षेत्रात, मातीतील कीटकरोगकारक सूत्रकृमी (कीटकांना मारणारे सूक्ष्म, दोऱ्यासारखे कृमी) पकडण्यासाठी तिचे आमिष वापरण्याची पद्धत बेडिंग व ॲखर्स्ट यांनी १९७५ मध्ये मांडली. स्टायनरनेमा व हेटेरोरॅब्डायटिस या अशा सूत्रकृमींच्या प्रजातींची पैदासही तिच्यावरच करतात. काजूचे खोड व मूळ पोखरणाऱ्या अळीवर असे सूत्रकृमी अजमावले गेल्याने गोव्याच्या दृष्टीने हा उपयोग अधिक महत्त्वाचा.

टाकाऊ खाद्य व कोश गोठवल्याशिवाय बाहेर टाकू नयेत. सुटलेली मादी जवळच्या कुळागरातील (सुपारी-नारळाच्या बागेतील) मधपेट्या गाठू शकते.