खेळाडूंचे बळ आणि त्याची मात्रा

एप्रिल उजाडला की रेशीमबागेपासून मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलापर्यंत नागपूरची मैदाने उन्हाळी शिबिरांनी भरून जातात. अलीकडे या काळात स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग, म्हणजे खेळासाठी शरीराचे बळ आणि तयारी वाढवणे, या विषयावर तज्ज्ञांची व्याख्यानेही ठेवली जातात आणि प्रशिक्षक, शाळांतले पीटी शिक्षक, काही जागरूक पालक ती आवर्जून ऐकायला येतात. त्यातले बरेच जण परत जाताना नव्या व्यायामांची यादी आणि मोबाइलवर टिपलेली प्रात्यक्षिके घेऊन जातात. माझ्या मते खरी शिदोरी यादीपेक्षा वेगळी आहे. व्यायाम हे औषधासारखेच मात्रेने गुण देतात, आणि कोणत्या वयाच्या, कोणत्या खेळाच्या मुलाला किती भार, किती वेळा आणि किती विश्रांतीनंतर द्यायचा हे कारणासह सांगणाऱ्या वक्त्याकडूनच प्रशिक्षकाला खऱ्या अर्थाने काही मिळते.

मात्रा ठरवायची, तर आधी बळ कुठून येते हे समजले पाहिजे. फुगलेले दंड म्हणजे बळ, असा आपला समज असतो. पण स्नायू स्वतःहून काही करत नाही, त्याला मज्जारज्जूतल्या चेतापेशींकडून हुकूम यावा लागतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायूतंतू मिळून एक तुकडी होते, जिला शास्त्रात मोटर युनिट म्हणतात. शरीर या तुकड्या एका ठरलेल्या क्रमाने कामाला लावते: आधी लहान, सावकाश थकणाऱ्या, आणि जोराची गरज वाढत गेली की मग मोठ्या, वेगवान, पण लवकर थकणाऱ्या. एल्वूड हेनेमन या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये हा क्रम मांडला आणि भार-व्यायामाचे बरेचसे गणित त्यावरच उभे आहे. हलक्या भाराने आरामात केलेल्या वीस-पंचवीस आवर्तनांत मोठ्या तुकड्यांना फारसे काम पडत नाही. भार जड असला, हालचाल पूर्ण ताकदीनिशी वेगाने केली किंवा थकवा चांगलाच वाढला, तरच त्या जाग्या होतात.

दुसरी बाब वेळेची आहे. मोरितानी आणि डीव्हरीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की भार-व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढणारे बळ मुख्यतः चेतासंस्थेच्या सुधारणेतून येते आणि स्नायूंचा आकार त्यानंतर सावकाश वाढतो. मेंदू आणि मज्जारज्जू अधिक तुकड्या एकाच वेळी आणि अधिक वेगाने कामाला लावायला शिकतात, म्हणून बारा वर्षांची मुलगी शरीर न भरताही लक्षणीय बळ कमावू शकते. पहिल्या महिन्यात आरशात फरक दिसला नाही म्हणून व्यायाम सोडणाऱ्या मुलांना कोणीतरी हे वेळीच सांगायला हवे.

विदर्भाला आखाड्यांची जुनी परंपरा आहे आणि शेजारच्या अमरावतीतले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर १९१४ पासून व्यायामाचे शिक्षण देत आले आहे. जोर आणि बैठका हे उत्तम व्यायाम आहेत, हे मी मनापासून मानतो. सांध्यांची पूर्ण हालचाल आणि दम या दोन्ही गोष्टी त्यांतून मिळतात. त्यांची मर्यादा एवढीच, की शरीराचे वजन तेच राहते आणि वाढते ती फक्त संख्या. पन्नास बैठका सहज काढणाऱ्या मुलाने दोनशे काढल्या तर त्याची चिकाटी वाढते, पण कमाल बळात तेवढी भर पडत नाही. त्यासाठी भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. अमेरिकी सैन्याचे डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांच्या पायांना पुन्हा बळ देताना नेमके हेच तत्त्व पद्धतशीरपणे वापरले. तरीही वजने उचलली की खेळाडू मंद होतो ही समजूत पुढे कित्येक वर्षे टिकली. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एपली यांना केवळ खेळाडूंचे बळ वाढवण्याच्या कामासाठी नेमले आणि १९७८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने या प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. म्हणजे स्वतंत्र व्यवसाय म्हणून हे क्षेत्र अजून तसे तरुणच आहे.

खेळात बळ किती आहे यापेक्षा ते किती लवकर बाहेर येते, हा प्रश्न अनेकदा मोठा ठरतो. पूर्ण वेगाने धावणाऱ्या धावपटूचे पाऊल जमिनीवर साधारण एक दशांश सेकंदच टेकते, आणि स्नायूला आपला कमाल जोर गाठायला मात्र त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून आधी जड भाराने बळाचा पाया घालायचा आणि मग उड्या, मेडिसिन बॉल या जड चेंडूची फेक, छोट्या स्प्रिंट यांतून ते बळ झटक्यात वापरायला शिकवायचे, असा क्रम अनुभवी प्रशिक्षक ठेवतात. उंचीवरून खाली उडी मारून लगेच वर उसळी घेण्याचा व्यायाम सोव्हिएत प्रशिक्षक युरी व्हेर्खोशान्स्की यांनी रूढ केला. तो फार प्रभावी आहे, पण स्क्वॉट, म्हणजे बैठकेसारखे खाली बसून उठणे, धड न जमणाऱ्या मुलाला पहिल्याच आठवड्यात असल्या उड्या मारायला लावणे मला धोक्याचे वाटते.

लांब पल्ल्याच्या धावपटूंनाही बळ लागते, हे अनेकांना पटत नाही. फिनलंडमधल्या १९९९ च्या एका अभ्यासात धावपटूंच्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश भाग उड्या, स्प्रिंट आणि झटक्याच्या व्यायामांना दिला गेला. नऊ आठवड्यांनी त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली, आणि तीही प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता न वाढता. प्रत्येक पावलाला लागणारी ऊर्जा कमी झाली होती. हे वाचताना मला पहाटे रिंग रोडच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली आठवतात. त्यांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि दोघांनाही १०० मीटर व गोळाफेक असते. यातले दोन प्रकार सरळसरळ बळाचे आहेत, तरी तयारी बहुतेक धावण्याचीच होते, आणि काही आठवड्यांत नडगी दुखते म्हणून बसावे लागणाऱ्यांची संख्या कमी नसते. आठवड्यातले दोन दिवस धावणे कमी करून पोटरी, मांडी आणि कंबरेच्या बळाला दिले, तर त्यांचा वेळ वाया जाणार नाही.

दुखापतींच्या बाबतीत पुरावा खूपच बोलका आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २५ चाचण्या आणि २६,६१० सहभागींची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा बळाच्या व्यायामांनी खेळातल्या दुखापती एक तृतीयांशाहूनही खाली आल्या आणि अतिवापराच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. त्याच आढाव्यात केवळ स्ट्रेचिंगचा असा फायदा दिसला नाही. सरावाआधी पाय ताणून मिनिट-मिनिटभर धरून ठेवायला लावणाऱ्या प्रशिक्षकांनी याचा जरूर विचार करावा, कारण तसे दीर्घ ताण लगेच नंतरचा झटका थोडा कमीच करतात.

मांडीच्या मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, खेचली जाणे हे कबड्डी, फुटबॉल आणि धावण्याच्या खेळांतले रोजचे दुखणे आहे. त्यासाठीचा नॉर्डिक व्यायाम कोणत्याही शाळेच्या मैदानावर बिनखर्चाने होतो. मुलाने सतरंजीवर गुडघे टेकून ताठ उभे राहायचे, जोडीदाराने मागून त्याचे घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि मुलाने कंबर न वाकवता खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एका रेषेत राहून शक्य तितके सावकाश पुढे झुकायचे. एका ठिकाणी मांडीचा मागचा भाग थरथरू लागतो आणि शरीर हातातून सुटल्यासारखे खाली जाते. तिथे दोन्ही तळव्यांवर शरीर झेलायचे आणि हातांनीच ढकलून परत वर यायचे. धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा हा स्नायू लांब होत असतानाच जोर लावत असतो आणि बहुतेकदा तिथेच तो फाटतो, म्हणून लांब होता होता जोर धरण्याचा हा सराव उपयोगी पडतो. ज्या संघांनी तो नियमित केला त्यांच्यात हॅमस्ट्रिंगच्या दुखापती साधारण निम्म्याने घटल्याचे दिसले आहे. पहिल्या आठवड्यात मात्र पाच-पाचचे दोन सेट पुरेत. अति उत्साहात तीस केले तर दोन दिवस जिना उतरणेही कठीण होते आणि मुले पुन्हा त्या व्यायामाच्या वाटेला जात नाहीत.

वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते ही भीती पालकांच्या तोंडून आजही ऐकू येते. योग्य देखरेखीखाली, आधी हालचाल शिकवून आणि मग बेताने वाढवलेल्या भाराने उंची खुंटते असा कोणताही पुरावा नाही. उलट वाढत्या वयात जपायची गोष्ट आहे ती एकाच कृतीची अमर्याद पुनरावृत्ती. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय खेळपट्टीवर आदळतो तेव्हा जमिनीकडून येणारा जोर शरीराच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहून अधिक असतो, आणि त्याच क्षणी कंबर वळत व वाकत असते. म्हणूनच किशोरवयीन गोलंदाजांमध्ये कंबरेच्या मणक्याला बारीक तडे जाण्याचे प्रमाण मोठे असते. नागपूरचे उमेश यादव २०११ मध्ये विदर्भ संघाचे पहिले कसोटीपटू झाले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक नेटमध्ये वेगाने टाकू पाहणारी मुले दिसतात, आणि ते पाहून आनंदच होतो. पण त्यातल्या किती जणांनी आठवड्यात किती चेंडू टाकले याची वही कोणी ठेवतो का, हे विचारावेसे वाटते. तिरंदाजीतही तेच आहे. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण मिळवले. त्याच्या प्रकारातल्या कंपाऊंड, म्हणजे टोकांना चाके असलेल्या, धनुष्याचा ताण नियमाप्रमाणे ६० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे २७ किलो असू शकतो, आणि तो सरावात पुन्हा पुन्हा ओढायचा तर खांद्यामागचे स्नायू भक्कम हवेत आणि बाणांची मोजदादही हवी.

भार मोजण्याची एक सोपी पद्धत अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचे, की आजचा सराव शून्य ते दहाच्या मापावर किती कठीण गेला, आणि त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. नव्वद मिनिटांचा सराव सहा कठीण वाटला तर भार ५४० झाला. असे आठवड्याचे आकडे एका खाली एक लिहिले की परीक्षेच्या सुट्टीनंतर एकदम दुप्पट झालेला भार लगेच डोळ्यांत भरतो, आणि बरीच दुखणी भाराच्या अशाच अचानक वाढीमागून येतात. स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण साधारण निम्म्यावर आणून तीव्रता तशीच ठेवावी, हेही या वहीमुळे सहज जमते.

नागपुरात या हिशेबात उन्हाचा भार वेगळा धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा इतकी कोरडी असते, की घाम अंगावर दिसण्याआधीच वाळतो. मुलाला वाटते आपल्याला घाम आलाच नाही. सरावाआधी आणि नंतर त्याचे वजन केले तर खरे कळते. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले, आणि घट शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांवर, म्हणजे ५० किलोच्या मुलासाठी एक किलोवर, जाऊ नये. उष्णतेला शरीर सरावते, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात: रक्तातला द्रवभाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून शिबिराच्या पहिल्या आठवड्यात मैदानावरचे काम पहाटे, थोडक्या वेळासाठी ठेवावे आणि स्क्वॉट, जोर, नॉर्डिक यांसारखे बळाचे व्यायाम छताखाली घ्यावेत.